आधी थोरला, मग धाकटा

आप्पांच्या शर्टाला छातीवर दोन खिसे असत आणि ते दोन्ही एका मापाचे नसत. डावा खोल आणि दुहेरी कापडाचा, उजवा जरा उथळ. निपाणीच्या त्यांच्या शिंप्यापुढे ते दोन कॅमेरे ठेवत आणि सांगत, माझं माप जुनंच घे, ह्यांचं नवीन घे. डाव्या खिशातला कॅमेरा जड होता, त्यामुळे त्यांचा शर्ट कायम डावीकडे ओढलेला असे. मला अशा गोष्टी बघवत नाहीत. समोर बसलेल्या माणसाची गुंडीपट्टी तिरकी असेल तर माझं बोलण्यात लक्ष लागत नाही, आणि तसल्या शर्टातल्या आप्पांसमोर बसून मी जवळजवळ सतरा वर्षं बोलले.

मैत्रेयी, तू फोनवर विचारलंस की आजी, आप्पाआजोबांच्या त्या दोन छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांपैकी चांगला कोणता, तेवढाच पाठव. तिकडे मेलबर्नला तुझ्या मैत्रिणींमध्ये असे जुने कॅमेरे पुन्हा चालू झालेत म्हणे. तुला दोन ओळींचं उत्तर हवं होतं. पण हा प्रश्न आप्पांनी आयुष्याची इतकी वर्षं सोडवला आणि आम्हा सगळ्यांना त्यात वेठीला धरलं, की दोन ओळींत ते जमणार नाही. तुझ्या भावालाही, निहारला, वाचून दाखव.

आप्पा म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. मी त्यांना भाऊजी म्हणत असे, ते मला वैनी. त्यांची आई निपाणीत विड्या वळायची. घरात जे काही यायचं ते आधी थोरल्याला मिळायचं. वही आली तर थोरल्याला, चप्पल आली तर थोरल्याला, आणि शाळाही थोरल्यालाच. थोरल्याचं कॉलेज व्हावं म्हणून धाकटा पंधराव्या वर्षी तंबाखूच्या वखारीत कामाला लागला. ह्याबद्दल त्यांच्या तोंडून एकदाही तक्रार ऐकली नाही. मी मुद्दाम विचारलं तेव्हा त्यांना प्रश्नच कळला नाही. थोरल्याला आधी, ह्यात विचारण्यासारखं काय आहे, असा त्यांचा चेहरा झाला.

वखारीत ते पुढे तंबाखूची प्रत ठरवणारे झाले. एका पोत्यातली मूठ डाव्या तळहातावर, दुसऱ्या पोत्यातली उजव्या तळहातावर, मग वास, मग बोटांनी चुरडून बघणं. "एकल्या मुठीवर काय कळत न्हाय, वैनी," ते सांगायचे. "एकली मूठ खोटं बोलती. शेजारी दुसरी धरली की खरं भाईर पडतं." ही सवय त्यांनी वखारीत ठेवून यावी अशी माझी अपेक्षा होती. पण ते आमच्याकडे बेळगावला यायचे तेव्हा दोन कंपन्यांचा चहा पिऊन बघायचे. दोन्ही कप मी विसळायचे.

पहिला कॅमेरा त्यांनी निवृत्त झाल्यावर घेतला. काळा, जड, आणि बटण दाबलं की त्याची भिंग बसवलेली नळी सोंडेसारखी बाहेर यायची. लांबचं जवळ आणण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. खानापूरच्या जंगलात झाडाच्या शेंड्यावरचा धनेश पक्षी त्यानं असा टिपला होता की डोळ्याच्या पापण्या मोजाव्यात. पण घरात, जरा अंधारात, त्याचे फोटो रवा सांडल्यासारखे येत. म्हणून काही महिन्यांत दुसरा आला. चंदेरी, चपटा, हलका. त्याला लांबचं काही दिसायचं नाही, धनेश म्हणजे एक ठिपका. मात्र खिडकीच्या उजेडात बसलेलं माणूस, ताटातला कुंदा, साडीचा काठ, हे तो असं काढायचा की हात लावून बघावंसं वाटे. पहिला आधी घरात आला म्हणून तो थोरला, दुसरा धाकटा. ही नावं आप्पांनीच ठेवली.

कुठल्याही समजूतदार माणसानं इथं प्रश्न मिटवला असता. पक्ष्यांना थोरला, माणसांना धाकटा. मी हे त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं. ते म्हणाले, "तसं वाटतं, वैनी. पण धरून बघाय पाहिजे." आणि मग त्यांनी एक दोनशे पानी वही घातली. प्रत्येक गोष्टीचा फोटो दोन्ही कॅमेऱ्यांनी घ्यायचा आणि शेवटच्या रकान्यात निकाल लिहायचा. म्हणजे त्या दिवसापासून आमच्या घरात प्रत्येक गोष्ट दोनदा होऊ लागली.

तुमच्या आईचं लग्न दोनदा लागलं. हॉलमध्ये तीनशे माणसं, त्रिसरण-पंचशील झालेलं, दोघांनी एकमेकांच्या गळ्यात हार घातले आणि टाळ्या वाजल्या. तेवढ्यात आप्पा पुढं झाले आणि म्हणाले, हार काढा, आता धाकट्यानं घेतो. मला वाटलं जमीन दुभंगावी. तुमच्या बाबांनी मुकाट्यानं हार काढून दिला, कारण नवा जावई. विधी लावणारे बौद्धाचार्य मात्र हात जोडून म्हणाले, "आप्पा, तिसरा कॅमेरा नाही ना? मला अजून नंदगडला दुसरं लग्न आहे."

वडगावात तर आम्हाला हाकलून दिलं. माझ्या भाचीसाठी साडी बघायला एका विणकर आक्कांच्या घरी गेलो होतो. सोप्यात माग चालू होता. आप्पांनी थोरल्यानं फोटो घेतला, मग माग थांबवायला लावला, कारण धाकट्यासाठी इकडून तिकडे पळणारा धोटा पुन्हा त्याच जागी यायला हवा होता. मग काठाजवळ वाकून आणखी दोन. आक्का उठल्या. "डिझाईन चोराय आलाय व्हय ओ?" आप्पा शांतपणे सांगू लागले की डिझाईनशी त्यांचा काही संबंध नाही, ते फक्त कॅमेरे ताडून बघत आहेत. आक्का म्हणाल्या, "कापड बघाय आलाय तर कापड बघा. फोटो बघाय आलाय तर स्टुडिओ तिकडं हाय." भाचीच्या लग्नाला साडी शेवटी शहापुरातून घेतली, आणि ती मला अजून पसंत नाही.

हे सगळं मी का सहन केलं ते सांगते. मला एक फोटो हवा होता.

तुमचे आजोबा दिवसभर हसतमुख असत, पण कॅमेरा दिसला की साक्षीला उभं केल्यासारखे ताठ होत. माझी अल्बमं वर्षवार लावलेली आहेत, तुम्ही बघितली आहेत. त्यांत ते सगळीकडे सारखेच दिसतात. लग्नात, निरोपसमारंभात, तुझ्या बारशाला तुला मांडीवर घेऊन. ओठ मिटलेले, डोळे समोर, खांदे आखडलेले. मी ज्या माणसाबरोबर चाळीस वर्षं राहिले तो माणूस त्यांत कुठेच नव्हता. म्हणून आप्पांनी पहिला कॅमेरा घेतला त्या दिवशीच मी त्यांना सांगितलं होतं, भाऊजी, मला ह्यांचा एक हसरा फोटो काढून द्या. एकच. आप्पा म्हणाले, "जरा दम धरा. माणसाला कोणचा बरा ते आधी ठरू दे."

मी अकरा वर्षं दम धरला.

मग तुमच्या आजोबांचं पोटाचं ऑपरेशन ठरलं. सकाळी आठला दवाखान्यात पोचायचं होतं. आप्पा आदल्या दिवशीच निपाणीहून आले होते. पिशवी भरलेली, फाईल तारखेप्रमाणे लावलेली, रिक्षा दारात. तुमचे आजोबा आपल्या खासबागच्या घराच्या तीन पायऱ्या उतरले. समोर फाटकाशी आप्पा थोरला घेऊन उभे होते. आजोबा नेहमीप्रमाणे ताठ झाले. फोटो निघाला. मी रिक्षात बसणार, तेवढ्यात आप्पांनी डाव्या खिशात तो ठेवला आणि उजव्यातून दुसरा काढला.

"अण्णा, परत एकदा उतर की. धाकट्यानं घेतो."

मी आयुष्यात त्यांच्यावर एवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. हे ऑपरेशनला निघालेत, वरातीला नाही, असं मी म्हणाले. त्या वहीचं मी काय करीन तेही सांगितलं. शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. आप्पा खाली मान घालून उभे, पण कॅमेरा हातात तसाच. आणि तुमचे आजोबा वळले आणि त्या तीन पायऱ्या परत चढले. वर उंबऱ्याशी जाऊन माझ्याकडे बघून म्हणाले, "ओरडू नकोस गं. दोनदा उतरलो तर दोनदा घरी येईन."

ते घरी आले नाहीत. ऑपरेशन नीट झालं होतं, पण आठवड्यानं ताप आला आणि तो उतरला नाही. त्यात कुणाची चूक नव्हती. मी सगळे कागद वाचले आहेत.

ते गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्यांचा फोटो लागणार होता. मी अल्बममधला निवृत्तीचा फोटो काढून ठेवला होता. आप्पा आले, बाहेरच्या खोलीत बसले, आणि मग त्यांनी खिशातून दोन फोटो काढून टेबलावर शेजारीशेजारी ठेवले. पहिला थोरल्याचा. त्यात तुमचे आजोबा पायरीवर ताठ, ओठ मिटलेले. दुसरा धाकट्याचा. त्यात त्यांची मान एका बाजूला, रिक्षाजवळ उभ्या असलेल्या माझ्याकडे वळलेली, एक हात वर, तोंड अर्धवट उघडं, आणि ते हसत होते. अगदी घरात हसायचे तसे. हात जरा पुसट आलाय.

 मग आप्पा म्हणाले, "मी म्हणत हुतो, वैनी. माणसाला धाकटाच बरा. सगळ्या वहीत त्योच निकाल हाय."

माझा तोल गेला. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजीचे पेपर तपासले. पहिल्या गठ्ठ्याला माझ्या हातून नेहमी कमी मार्क पडत, म्हणून मी दरवर्षी गठ्ठे उलटसुलट करून घेत असे. जे मला माझ्या पेपरांत कळलं ते आप्पांच्या वहीत मला अकरा वर्षं दिसलं नव्हतं, ह्याचाही राग होता. मी म्हणाले, "कॅमेऱ्याचं कौतुक पुरे झालं, भाऊजी. पहिल्या वेळी माणूस अवघडतो, दुसऱ्या वेळी वैतागतो नाहीतर हसतो. धाकटा दर वेळी दुसरा असतो, म्हणून तो जिंकतो. एकदा तरी धाकट्यानं आधी घेतलात का?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "थोरला असताना धाकट्यानं आधी कसा घ्यायचा, वैनी?"

त्यांनी पिशवीतून वही काढली आणि पहिल्या पानापासून बघायला सुरुवात केली. धनेश, लग्न, माग, कुंदा, तुमची आई, मी, तुम्ही दोघं. प्रत्येक ओळीत आधी थोरला, मग धाकटा. निम्म्यावर आल्यावर त्यांनी वही मिटली.

"म्हंजे वही वाया गेली."

मी म्हणाले, हो, गेली.

"पर अण्णा हसला न्हवं?"

"हसले," मी म्हणाले.  कार्यक्रमाला तोच फोटो लावला. पुसट हातासकट.

माझी कल्पना होती की आता तरी हे संपेल. पुढच्या रविवारी आप्पा नवी वही घेऊन हजर. सगळं पहिल्यापासून करायला लागणार, ह्या खेपेला धाकटा आधी. वयाच्या सत्तराव्या वर्षी. सुरुवात त्यांनी माझ्यापासून केली. मला पायरीवर उभं केलं, धाकट्यानं फोटो घेतला, मग म्हणाले, आता परत उतरा. गुडघे दुखत होते. मी त्यांना काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही, पण त्यांचा शर्ट त्या दिवशी उजवीकडे ओढलेला होता, कारण खिसेसुद्धा अदलाबदल केले होते, आणि ते बघून मला हसू आवरलं नाही. तुमच्या आजोबांच्या मागे माझा हसरा फोटो एवढा एकच आहे, आणि तो थोरल्यानं काढलेला आहे.

गेल्या हिवाळ्यात आप्पा निपाणीला दुपारचे जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. कॅमेरे आणि वह्या त्यांच्या मुलीनं माझ्याकडे पाठवल्या, कारण तिच्या मते ह्यांतलं मला कळतं. दुसरी वही अर्धी कोरी आहे. पहिल्या ओळीत माझं नाव आहे. आधी धाकटा: रागात. मग थोरला: हसल्या. पुढं निकालाच्या रकान्यात लिहिलंय, परत बघाय पाहिजे. त्याखालच्या प्रत्येक ओळीतही तेच लिहिलंय. पाच वर्षांत ह्या गृहस्थांनी एकही निकाल दिलेला नाही.

तर मैत्रेयी, चांगला कोणता हे मलाही सांगता येत नाही. दोन्ही पाठवते आहे. चार्जर वेगवेगळे आहेत, मी त्यांना चिठ्ठ्या लावल्या आहेत, त्या काढू नका. वह्या इथेच राहतील. तो पायरीवरचा पहिला फोटो, तुमचे आजोबा ताठ उभे असलेला, मी टाकणार होते. टाकला नाही. दोन्ही एकाच चौकटीत शेजारीशेजारी लावले आहेत, आणि येणारा प्रत्येक माणूस विचारतो की दोन कशाला.

डिसेंबरात याल तेव्हा दोन्ही कॅमेरे चार्ज करून आणा. मी पायरीवर उभी राहीन. पहिल्या वेळी माझं तोंड कसं का येईना.