नावानं हाक

लेकीकडे अमेरिकेत गेलो होतो, तेव्हा तिच्या लहानशा गावातल्या वाचनालयात एक जुनं तैलचित्र पाहिलं. काळा कोट, पांढरी दाढी, आणि उजव्या हाताची दोन बोटं गेलेली.

"करवतीनं गेली," तिथल्या म्हाताऱ्या ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "एकोणिसाव्या शतकात इथं त्याचा खुर्च्यांचा कारखाना होता. माझे पणजोबा तिथले सुतार. त्यांनीच त्याला रंधा धरायला शिकवलं होतं."

कामगारांनी त्याला आपला माणूस म्हणून राज्याच्या विधिमंडळात पाठवलं. तिथं दिवसाला दहा तासांहून जास्त काम घेऊ नये, असा कायदा मतदानाला आला. बाकीचे कारखानदार विरोधात होते. त्यानंही विरोधातच मत दिलं.

"मग कामगार चिडले असतील?" मी विचारलं.

"नाही. तो कारखान्यात आला तेव्हा सगळे अदबीनं उभे राहिले. इतकी वर्षं त्याला नावानं हाक मारणारे माझे पणजोबा म्हणाले, 'या साहेब.' घरी येऊन मात्र रडले."

पुढं तो फार मोठ्या पदांवर गेला. सगळं ओसरल्यावर, म्हातारपणी, एकदा एकटाच या सुताराच्या दारात आला. म्हणाला, "मला नावानं हाक मार रे, एकदा तरी."

पणजोबांनी दार पूर्ण उघडलं. म्हणाले, "बसा ना, साहेब."

बाई आपल्या कामाला लागल्या. मी तिथंच रेंगाळलो. मला बढती मिळाली, त्या दिवसापासून शेजारच्या टेबलावरचा सदा मला 'अहो साहेब' म्हणू लागला होता. त्याला मी कधी अडवलं नाही. खरं सांगायचं तर, मला ते आवडलं होतं.