ज्येष्ठा माझ्या हातात

खुब्याचा सांधा बदलून मी प्रताप नगरच्या घरी आले, तेव्हा सगळ्यांनी मला भाग्यवान ठरवलं. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. नागपुरात असं ऑपरेशन तेव्हा नवंच होतं, त्यामुळे भेटायला येणारा आधी माझ्या पायाकडे बघायचा आणि मग माझ्याकडे. पायाचं ठीक होतं. जखम भरली होती, डॉक्टर खूश होते. बिघडलं होतं ते दुसरंच, आणि त्याला आमच्या घरात नाव नव्हतं. "तिचं मन लागत नाही," असं आमचे हे पाहुण्यांना सांगायचे, जशी काही मी कालच सासरी आलेली नवरी होते.

मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, खाली वाकायचं नाही, असे डॉक्टरांचे नियम होते. जिनं जन्मभर पाटावर बसून पूजा केली, जमिनीला कपाळ टेकवल्याशिवाय जिचा नमस्कार झाला नाही, तिच्यासाठी देवघराचं दारच बंद झाल्यासारखं होतं. देव खाली पाटावर आणि मी वर उंच खुर्चीत. मनातल्या मनात पूजा करा, असं सगळे सांगायचे. त्यासाठी मन ठिकाणावर असावं लागतं, हे त्यांना कोण सांगणार? सुरुवातीला मी देवीवर रुसले. पुढे रुसावंसंही वाटेना, आणि ते जास्त वाईट होतं.

फिजिओथेरपीवाली मुलगी आली की मी झोपेचं सोंग घ्यायची. पायावर भार दिला तर नवा सांधा निसटेल, ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर मला उठायचंच नव्हतं. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं, "आता चालला नाहीत तर पाय आखडेल, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही." ते ऐकून मी नुसती मान हलवली. पलंगाजवळच्या खिडकीतून परसातली विहीर दिसायची, आणि माझी नजर तिच्यावरच खिळायला लागली होती. एका दुपारी मी सूनबाईला, सुनंदाला, पलंग समोरच्या भिंतीला लावायला सांगितलं. तिनं कारण विचारलं नाही. पलंग सरकवून तिनं खिडकी लावून घेतली, आणि त्यानंतर मला एकटीला सोडलं नाही.

अशातच भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे त्या उभ्याच्या असतात. लोखंडी स्टँडला साड्या नेसवायच्या आणि दारातून वाजतगाजत आणलेले पितळी मुखवटे वर बसवायचे. सासूबाईंच्याही आधीपासूनची रीत अशी, की दोघी बहिणी दोन सवाष्णींच्या हातून घरात येतात. ज्येष्ठेचा मुखवटा मोठीच्या हाती, कनिष्ठेचा धाकटीच्या हाती. या वर्षी माझ्याऐवजी मौद्याची जाऊ येणार होती. पण पावसानं कन्हान नदीला पूर आला आणि एसटी बंद झाली. शेजारी घरोघरी त्याच मुहूर्तावर आपापल्या महालक्ष्म्या, त्यामुळे हाक तरी कोणाला मारणार?

मुहूर्त टळत आला होता. सुनंदा सुपात दोन्ही मुखवटे घेऊन दारात उभी होती. उंबरठ्यापासून मखरापर्यंत तिनं कुंकवाची पावलं काढली होती. घड्याळाकडे बघून बघून ह्यांचा धीर सुटला. "दोन्ही तूच आण, देवी काही कोर्टात जाणार नाही," ते म्हणाले. सुनंदा जागची हलली नाही. "ही रीत मला आईंनीच शिकवली," ती म्हणाली. मला राग आला. मी ओसरीवरच्या खुर्चीतून ओरडले, "मग नका आणू. राहू दे या वर्षी." आमच्या घरात असं कधी कोणी बोललं नव्हतं. ह्यांनी हातातली घंटा खाली ठेवली.

तेवढ्यात फाटक वाजलं. चिंब भिजलेली, माझ्याच वयाची एक बाई आत आली. कपाळभर कुंकू, हातात पडवळं-दोडक्यांची थैली. ती नरखेडकडून भाचीकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाला आली होती आणि घर चुकली होती. सुनंदानं दोन वाक्यांत तिला आमची अडचण सांगितली. तिनं थैली ठेवली, नळावर पाय धुतले आणि ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काहून बसून राहिली वं बाई? बहिणी दारात उभ्या आहेत तुह्या."

"सांधा बदललाय माझा. निसटेल."

"निसटला त धरीन मी तुले. पण पहिले उठ तं."

मी का उठले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. इतके दिवस जो तो मला बरी हो म्हणत होता. काम मात्र कोणीच सांगितलं नव्हतं. वॉकर ढकलत मी दारापर्यंत गेले. तिथे सुनंदानं ज्येष्ठा माझ्या दोन्ही हातांत दिली, म्हणजे वॉकर सुटला. त्या बाईनं मला दंडाला घट्ट धरलं. चढताना चांगला पाय आधी, हे फिजिओथेरपीवाल्या मुलीनं शिकवलेलं आठवलं. एक पाय उंबरठ्यापलीकडे पडला, सगळा भार नव्या सांध्यावर आला आणि तो थरथरायला लागला. मी घाबरून खाली बघितलं, तर समोर मुखवटा. पाय दिसेचना. इतके आठवडे मी त्या पायावरची नजर काढली नव्हती, आणि आता बघायला फक्त तिचा चेहरा होता. तिच्याकडे बघत मी दुसरा पाय उचलला. मग पुढचं पाऊल. मागून सुनंदा कनिष्ठेला घेऊन येत होती आणि हे वेड्यासारखी घंटा बडवत होते. मुखवटा स्टँडवर बसला, तशी मी हमसाहमशी रडले.

ती बाई गुप्त वगैरे झाली नाही. नैवेद्याची भाजी-भाकरी तिनं चवीनं खाल्ली, चहा घेतला, आणि मागच्याच गल्लीत असलेल्या भाचीकडे हे छत्री घेऊन तिला पोचवून आले. ती घर चुकली होती, एवढंच, असं हे म्हणतात. मी वाद घालत नाही. चुकून का होईना, त्या घटकेला ती आमच्याच दारात आली, याबद्दल मी तिला आणि जिनं धाडली तिला रोज हात जोडते.

मन काही एका दिवसात ताळ्यावर आलं नाही. पुढे मनाच्या डॉक्टरांकडेही गेले, गोळ्या घेतल्या. लोक कुजबुजले, कुजबुजू देत. शरण जायचं म्हणजे धरणाऱ्याचा हात झिडकारायचा नाही, एवढंच मला कळलंय.

ऑपरेशननंतरच्या त्या दिवसांत देवीजवळ माझं एकच मागणं असायचं, मला घेऊन जा. महालक्ष्म्यांच्या तिसऱ्या दिवशी विसर्जनाच्या अक्षता मी उभ्यानंच वाहिल्या आणि सवयीनं म्हणून गेले, "पुढच्या वर्षी लवकर या, मी वाट बघते." म्हटल्यावर माझे हात तसेच थांबले. शेजारी उभ्या सुनंदानंही ते ऐकलं होतं. तिनं डोळ्यांना पदर लावला.