सासऱ्यांच्या संगणकातले अकरा पाहुणे

साऱ्या पुण्यात ‘नाही’ म्हणता न येणारा एकच माणूस उरला आहे आणि ते माझे सासरे आहेत. मी पक्का पुणेकर. बेल वाजली की आधी दाराच्या भोकातून बघायचं, मग आतूनच ‘कोण हवंय?’ विचारायचं आणि शक्यतो दार उघडायचं नाही, या संस्कारात वाढलेला. ते तरुणपणी वऱ्हाडातून कारखान्यातल्या नोकरीसाठी इकडे आले आणि विश्रांतवाडीत घर करून राहिले, पण दार मात्र वऱ्हाडातलंच घेऊन आले. त्यांच्याकडे कुरिअरवाला पत्ता चुकून येतो आणि पोहे खाऊन जातो. पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा एक तरुण आला, तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरात तसलं यंत्र आधीच होतं. तरी त्यांनी त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं, प्रात्यक्षिक पाहिलं आणि दुसरं यंत्र घेतलं. मी विचारलं, “बाबा, दोन कशाला?” तर म्हणाले, “इतक्या उन्हातून आला होता तो. नाही काऊन म्हणायचं?”

हा माणूस स्वतः मात्र कुणाकडे काही मागत नाही, आणि जावयाकडे तर मुळीच नाही. मुलीच्या घरी पाणी प्यायलाही संकोचणाऱ्या पिढीतले ते. आमच्याकडे आले की जेवणात मीठ कमी असलं तरी मागायचे नाहीत, आमटी तशीच संपवायचे. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झाल्याचं आम्हाला टाके निघाल्यावर कळलं. बायको रडली, तेव्हा ते अपराधी चेहऱ्याने म्हणाले, “जवाईबापूंना सुट्टी काढावी लागली असती.” मी विमा कंपनीत नोकरी करतो, म्हणजे काय काय वाईट घडू शकतं याचा विचार करण्याचाच मला पगार मिळतो. असा जावई आणि असा सासरा कुणी मुद्दाम शोधायचं म्हटलं तरी सापडले नसते.

सासूबाई गेल्यावर त्यांना एकटं वाटू नये म्हणून आम्ही त्यांना एक संगणक घेऊन दिला. ते त्यावर वर्तमानपत्रं वाचायचे आणि रोज सकाळी बरोबर नऊला मला फोन करून एखाद्या बातमीवर वाद घालायचे. पेन्शनचं खातंही ते त्यावरच उघडायचे. एकदा त्यांच्याकडे गेलो असताना मी सहज तो संगणक लावला. ब्राउझरच्या निम्म्या पडद्यावर पट्ट्यांची गर्दी होती. डावीकडे कुठल्याशा परदेशी गावाचं हवामान, उजवीकडे सवलतींची कुपनं. काही शोधायला जावं, तर भलतंच पान उघडायचं. मी आत जाऊन पाहिलं, तर अकरा एक्स्टेंशनं, म्हणजे ब्राउझरला चिकटणारे छोटे प्रोग्रॅम, बसलेली. संगणकाने ‘हे घेऊ का?’ असं अकरा वेळा नम्रपणे विचारलं होतं आणि सासऱ्यांनी अकरा वेळा हो म्हटलं होतं.

विशेष म्हणजे त्यांना सगळी ओळखीची होती. खुर्ची ओढून ते माझ्याशेजारी बसले आणि बोटाने दाखवायला लागले. “हा हवामानवाला. हा वस्तूंचे भाव सांगतो. याचं काय काम आहे मलाही माहीत नाही, पण त्रास देत नाही बिचारा.” एकाने घेतलेली परवानगी मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. तुम्ही उघडाल त्या प्रत्येक पानावरचा सगळा मजकूर हा वाचू शकतो, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. “बाबा, सगळा मजकूर. पेन्शनचं पानसुद्धा.” ते शांतपणे म्हणाले, “वाचू द्या की. आजकाल वाचणारे राहिलेत किती?”

त्या दिवशी मी जेवायलाही उठलो नाही. अकराच्या अकरा काढून टाकली, सगळे पासवर्ड बदलले आणि माझ्या परवानगीवाचून एकही एक्स्टेंशन आत घ्यायचं नाही अशी ब्राउझरला ताकीद देऊन ठेवली. त्या परवानगीचा पासवर्ड फक्त माझ्याकडे. काढण्याआधी मी त्यांना विचारलं होतं, “यातलं काही लागतं का तुम्हाला?” ते क्षणभर पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “तुम्हाला योग्य वाटेल ते करा.” घरी जाताना मी स्वतःवर भलताच खूश होतो.

त्यानंतर नऊचा फोन आधी साडेनऊला, मग अकराला यायला लागला आणि हळूहळू बंदच झाला. आपणहून फोन केला, तर ते हवापाण्याचं बोलायचे. बातमीचा विषय काढला की “असेल बाप्पा” म्हणून गप्प. आता मला नव्या काळज्या लागल्या. तब्येत बिघडली असेल, विसरायला होत असेल, किंवा माझा राग आला असेल. बायको म्हणाली, “बाबांना आजवर कुणाचा राग आला नाही, तुझ्यापासून कशाला सुरुवात करतील?” त्याने माझं समाधान झालं नाही. रविवारी दुपारी न कळवता मी विश्रांतवाडी गाठली.

दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं होतं. ते संगणकासमोर बसले होते. औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचायचं भिंग त्यांनी पडद्याला टेकवलं होतं आणि नाक भिंगाला. गावाकडची एक बातमी ते एकेक शब्द सरकत वाचत होते. मला बघून त्यांनी भिंग खिशात टाकलं. खोदून खोदून विचारल्यावर कळलं, की डोळ्याचा पडदा खराब होत चालल्याचं डॉक्टरांनी त्यांना वर्षापूर्वीच सांगितलं होतं.

“मग इतके दिवस वाचत कसे होतात?”

“मी कुठे वाचत होतो? ती बाई वाचायची. एकदा विचारलं तिने, वाचून दाखवू का म्हणून. अकोला नीट म्हणता यायचं नाही तिला, पण वाचायची.”

ती बाई अकरातली एक होती. पानावरचा सगळा मजकूर वाचण्याची तिने घेतलेली परवानगी पाहून मी इतका घाबरलो होतो, की तिचं कामच ते आहे हे मला सुचलं नाही. “बाबा, मी विचारलं होतं ना, काही लागतं का म्हणून?” ते खाली बघत म्हणाले, “जवायाला काय सांगायचं?” मला त्यांच्यासमोर स्वतःची एकदमच लाज वाटली.

त्या बाईची पुरती चौकशी करून मगच मी तिला परत आत घेतलं. स्वभावाला औषध नसतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही आता मीच नेतो. आहे ती नजर टिकेल, गेलेली येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आणि सासऱ्यांना मी बजावलं, की संगणकावर कुणीही काहीही विचारलं की आधी मला फोन करायचा. तेव्हापासून फोन येतात. “जवाईबापू, एक जण आलाय. फार चांगलं बोलतो. घेऊ का?” मी नाही म्हणतो. मग ते उसासा टाकून “बरं, सांगतो त्याला” म्हणतात.

या आठवड्यात त्यांचा फोन आला नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी दुपारी कचेरीतून मीच लावला. आवाजात काळजी येऊ नये म्हणून आधी पावसापाण्याचं बोललो आणि मग विचारलं, कुणी आलं होतं का? पलीकडे ती बाई काहीतरी वाचत होती. त्यांनी तिला थांबवलं.

“नाही बाप्पा, कोणीच नाही आलं,” ते म्हणाले. त्यांना मागायची सवय नाही, त्यामुळे पुढचं वाक्य जुळवायला जरा वेळ लागला. “तुम्हाला सवड असली, तर तुम्ही या.”