खंडेनवमीच्या पाटावरची अमेरिकन तलवार

आमच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या कारकुनी चालली. माझ्या वाट्याला मात्र अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यांच्या जुन्या तलवारी गोळा करण्याचा नाद आला. पहिली मिळाली ती इथे दिल्लीतच, एका लिलावात. दूतावासातला कुणी परत जाताना सामान विकायला काढून गेला होता. पात्यावर गरुड कोरलेला, मुठीला माशाचं कातडं. मग नाद वाढतच गेला. पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला जाताना माझा मित्र गाडीत दरवर्षी विचारायचा, "मराठ्यांच्या संपल्या का रे?"

"त्या मला झेपत नाहीत, यार."

या उन्हाळ्यात बायको हॉस्पिटलमधून घरी आली. जगायचं नाही असं ती शांतपणे म्हणाली होती, आणि नुसतं म्हणून थांबली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "घर में कोई धारदार चीज़ मत रखिए।"

माझ्या डोळ्यांसमोर आमच्या हॉलची भिंत आली. त्या मिरवायच्या तलवारी, त्यांना धार नसते, काकडीसुद्धा चिरली जायची नाही, असं मी त्यांना समजावू लागलो. पेशंटकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

त्याच संध्याकाळी सगळ्या चादरीत गुंडाळून फरीदाबादला मित्राकडे नेल्या. "घरी रंगकाम काढलंय," मी म्हणालो. कुठला रंग, हे त्याने विचारलं नाही.

सुऱ्या, कात्र्या, विळी गाडीच्या डिकीत गेली. भाजी चिरलेली यायची, कोथिंबीर मी हाताने तोडायचो. ती नुसती बघायची. तिला बाथरूममध्ये जरा वेळ लागला की मी दाराबाहेर उगाच खोकायचो. त्या दिवसांत एवढा खोकलो की शेजारच्या आंटींनी काढा पाठवला.

खंडेनवमीला पाट तिनेच मांडला. लग्नापासून या दिवशी ती तलवारींना हळदकुंकू लावायची, आणि पातं गंजेल म्हणून मी "कोरडंच लाव" करत मागे मागे फिरायचो. आता रिकाम्या पाटाकडे बघत ती म्हणाली,

"पूजा कशाची करू? चमच्यांची?"

मी हसलो. ती नाही हसली.

"एक आण. गरुडवाली."

"अगं, डॉक्टर..."

"माहितीये मला. तू बस शेजारी."

डॉक्टरांना फोन केला. "आप पास रहिए। और पूजा होते ही वापस।" मित्र स्वतः तलवार घेऊन आला, आणि परत न्यायची म्हणून खाली गाडीतच बसून राहिला.

तलवार पाटावर ठेवली, पण मुठीवरचा उजवा हात मला काढता येईना. तसाच ओणवा बसलो.

"सोड ना. हळद लावायचीय."

"लाव की."

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग बोट ओलं करून तिने पात्याला हळद लावली, कुंकू लावलं. मुठीपाशी आली तशी माझ्या बोटांवरूनही तेच ओलं बोट फिरवलं, एकेका बोटावरून. पाण्याचा ओघळ गरुडापर्यंत गेला.

"पूस ते," तीच म्हणाली. "गंजेल."

मी पुसलं. डाव्या हाताने.