नाव दोनदा

कंट्रोलर मामा कुठलीही गोष्ट दोनदा सांगत. हिंगोलीच्या बसस्थानकावर त्यांनी अठ्ठावीस वर्षं माइकवरून गाड्या पुकारल्या. निवृत्तीनंतर पुकारायला गाड्या उरल्या नाहीत, म्हणून ते घरातल्या गोष्टी पुकारू लागले. "नळ आला आहे, नळ आला आहे. वरच्या खोलीतल्या मुलींनी लक्ष द्यावं." वरच्या खोलीत आम्ही कॉलेजच्या तिघी भाड्याने राहत होतो. मामी खालून म्हणायच्या, "सरकारनं भोंगा ठिवून घेतला न्हाई, माझ्या गळ्यात घातला." मामांवर याचा काही परिणाम होत नसे. दोनदा का सांगता, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "पहिल्या टायमाला लोक गाठोडं उचलतेत. दुसऱ्या टायमाला ऐकतेत."

त्यांचं खरं नाव मी कधी विचारलं नाही. रिक्षावाल्याला 'कंट्रोलरचं घर' म्हटलं की पुरे व्हायचं.

बीएससीच्या शेवटच्या वर्षी कॉलेजात करिअर मेळावा झाला. कंपन्यांत लागलेले जुने विद्यार्थी आणि त्यांच्या ओळखीचे काही साहेबलोक आले होते. त्यांच्यापुढे उभं राहून अर्ध्या मिनिटात स्वतःची ओळख करून द्यायची होती. याला एलेव्हेटर पिच म्हणतात, असं सरांनी सांगितलं. मोठा साहेब लिफ्टमध्ये भेटला, तर वरचा मजला येईपर्यंत आपण कोण हे त्याला पटवायचं. आमच्या वर्गातले निम्मे तोवर लिफ्टमध्ये चढलेही नव्हते.

माझ्यासमोर पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या बाई होत्या. त्यांच्याकडे सहा महिन्यांचं प्रशिक्षण होतं आणि जमलं तर पुढे नोकरी. दिवाळीपर्यंत काही झालं नाही तर तांड्यावर परत यायचं आणि आम्ही बघू त्या घरी जायचं, असं वडिलांनी बजावून ठेवलं होतं. मी सुरू केलं. मी कळमनुरी तालुक्यातल्या तांड्याची. तांड्याचे नायक माझे आजोबा, त्यांच्या धाकट्या मुलाची मी मोठी मुलगी. चुलते शेती बघतात. आईच्या माहेरचा तांडा कनेरगाव नाक्याच्या अलीकडे. तेवढ्यात घंटी वाजली. बाई पेन धरून बसल्या होत्या. "सगळं कळलं," त्या म्हणाल्या, "तुझं नाव राहिलं."

सगळा हॉल हसला. पण आमच्याकडे मुलीला नाव विचारतच नाहीत. "कोणाची गं तू?" एवढंच विचारतात. त्याचं उत्तर नीट आलं की बसायला सांगतात, पाणी देतात. वीस वर्षं मी त्याच प्रश्नाचं उत्तर देत आले होते, इथेही तेच दिलं. बाई भल्या होत्या. महिन्याभराने नांदेडला येणार आहे, तिथे परत सांग, म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मामींनी दिलेलं ताट मी तसंच परत नेलं, तेव्हा मेळाव्यात काय झालं ते मामांनी माझ्याकडून काढून घेतलं. "लिफ्ट मला ठावकी न्हाई," ते म्हणाले. "पर गाडी फलाटाला लागून सुटंपर्यंत जेवढा टाइम, तेवढाच हाय न्हवं? मग ते माझंच काम हाय. तुझी गाडी लागली बाई, पर तिला पाटीच न्हाई. कोण बसंल?"

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. आधी नाव. मग कुठून, कुठं आणि मार्गे. यातल्या 'मार्गे'वर त्यांचा फार जीव. "नांदेडला कळमनुरीवरून बी जाता येतं, वसमतवरून बी. मार्गे सांगितल्याबगर माणूस पायरीवर पाय ठिवत न्हाई." माझं मार्गे काय, ते मला चार दिवस सापडेना. मी परीक्षेचे टक्के सांगून पाहिले. "ते तिकीट झालं. ते मागितल्यावर दावायचं." पाचव्या दिवशी बोलता बोलता माझ्या तोंडून निघालं, की सुट्टीत मी तांड्यावरच्या बावीस शेतांची माती पिशव्यांत भरून आणली होती, कॉलेजच्या लॅबमध्ये तपासली होती आणि कुणाच्या जमिनीत काय कमी आहे ते घरोघरी सांगून आले होते. सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. मामांनी कपाळावर हात मारला. "मग आतापर्यंत काय करून राहिली होती तू? हेच मार्गे."

तांड्याचं नाव गाळून नुसतं हिंगोली म्हणू का, असं मी विचारलं. खरं तर मला लाज वाटत होती. ते चिडले नाहीत. "गाडी कुठून सुटली ते लपवायचं न्हाई. उशीर काहून झाला, ते त्याच्यावरूनच कळतंय."

रोज सकाळी ते ओट्यावर घड्याळ घेऊन बसत आणि मी अंगणात उभी राहून बोलत असे. "मी सुनीता. कळमनुरी तालुक्यातल्या तांड्यावरून आले. आमच्या बावीस शेतांची माती मी तपासली आहे. तेच काम मला तुमच्याकडे नीट शिकायचं आहे. माझं नाव सुनीता." नाव दोनदा, हा त्यांचाच नियम. मी थांबले की ते म्हणत, "पुन्हा." शेवटी शेवटी मामींनाही ते पाठ झालं होतं.

नांदेडला मी ते जसंच्या तसं म्हटलं आणि माझी निवड झाली. पुण्याला निघाले तेव्हा मामा स्टँडवर आले होते. त्यांनी गाडीची पाटी वाचली, मग पुढे जाऊन ड्रायव्हरलाही विचारून आले. खिडकीशी येऊन म्हणाले, "बराबर गाडी हाय. बराबर गाडी हाय." हात हलवला नाही, मीही नाही.

पुण्यात मला आता पाच वर्षं झाली. सुरुवातीला दर रविवारी फोन करायचे, मग सणावाराला, मग नंबर बदलला आणि तेही राहिलं. परवा सकाळी ऑफिसच्या दारात कॉलेजच्या ग्रुपवर निधनाचा निरोप वाचला. कुणा दत्तात्रय किसनराव यांचा. कुणाचे तरी नातेवाईक असतील म्हणून मी जोडलेल्या हातांचा इमोजी टाकला आणि लिफ्टमध्ये शिरले. आत नवे डायरेक्टर होते. "तुम्ही कुठल्या विभागात?" त्यांनी विचारलं. पाचवा मजला येईपर्यंत मी नाव, कुठून, मार्गे आणि पुन्हा नाव असं सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, छान बोलता. बाहेर पडले तर वरच्या खोलीतल्या जुन्या मैत्रिणीचा निरोप होता. "अगं, आपले कंट्रोलर मामा."

मी ते नाव पुन्हा वाचलं. काहीच वाटलं नाही. अॅप्रन घातला, नमुने तपासले. एकही आकडा चुकला नाही. दुपारी डबाही खाल्ला. आता रडू येईल म्हणून मी दोनदा बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले, पण ते आलं नाही.

संध्याकाळी मामांच्या घरच्या जुन्या नंबरवर फोन लावला. मामींनीच उचलला. माझा नवा नंबर त्यांच्याकडे नव्हता आणि मागे बायकांचा आवाज चालू होता. "मामी, मी," एवढंच मी म्हणाले. पुढचं येईना.

"कोण? ऐकू येऊन न्हाई राहिलं. कोणाची गं तू?"

"मामांची," मी म्हणाले. "कंट्रोलर मामांची."

पलीकडे मामी रडू लागल्या. मी फोन कानाला धरून तशीच उभी राहिले. नाव सांगायचं राहूनच गेलं.