एप्रनच्या गाठीतलं बी

माझ्या ओळखीतला सगळ्यात निर्व्यसनी माणूस गांज्याला प्रसाद मानायचा.

एरोल-सान फेब्रुवारीत गेले. आज त्यांचं पहिलं ओबोन.

ओबोन म्हणजे इथला, जपानचा, पितृपक्षच समजा. फक्त इथे कावळ्याची वाट बघत नाहीत. दारात छोटीशी आग पेटवतात, आणि पितर तिच्यावरून घर ओळखतात.

एरोल-सान जमैकाचे. रास्ता, म्हणजे रास्ताफारी पंथाचे. पाठीवर रुळणाऱ्या पांढऱ्या जटा, डोक्यावर लाल-पिवळी-हिरवी विणलेली टोपी. तरुणपणी एका बँडबरोबर बास गिटार वाजवायला जपानला आले आणि मिचिको-सानसाठी राहिले. कावासाकी स्टेशनमागच्या गल्लीत दोघांची इवलीशी खानावळ. तिथे मी बाइतो, म्हणजे पार्ट-टाइम जॉब, करायचे.

घरी सांगितलं तेव्हा माझ्या नवऱ्याला चहाचा ठसका लागला. अनिकेत आयटीत आहे आणि जन्मजात घाबरट आहे.

"माधवी, रास्ता म्हणजे ते गांजावाले ना? आपला व्हिसा जाईल!"

दुसऱ्या दिवशी मी सरळ विचारलं. एरोल-सान गदागदा हसले.

"सिस्टर, इथे उतरलो तेव्हापासून शिवलेलो नाही. पकडलं तर मला देशाबाहेर काढतील. मग मिचिकोला नारळाच्या दुधातला राजमा कोण खिलवणार?"

विषय संपला. एका बाजूला प्रार्थना, दुसऱ्या बाजूला बायको. त्यांनी बायको निवडली आणि कुरकुर म्हणून कधी केली नाही.

पण मला या माणसाचा लळा लागला तो एका गाठीमुळे.

दुकानाची किल्ली ते एप्रनच्या टोकाला बांधायचे. टोक दुमडायचं, पीळ द्यायचा, अंगठ्याने आत ढकलायचं. माझी सांगलीची मावशी पदराला किल्ली बांधते, अगदी तश्शी. हे मी कावासाकीत बघत होते. हातातली प्लेट पडायची बाकी होती.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"आजीने. तिला तिच्या आईने. ती तुमच्या देशातली."

पणजी करारावर जमैकाला ऊसतोडीला गेली होती. महिनोन्‌महिने जहाजात. आणि पदराच्या गाठीत, एरोल-सान शपथेवर सांगायचे, गांज्याचं बी.

खरं-खोटं देव जाणे. पण हिंदुस्थानी मजुरांबरोबरच ते झाड जमैकात पोचलं, हे खरंच आहे. "गांजा" हा शब्द तिकडे आजही आपलाच आहे. चिलीमही आपलीच.

दुपारी गिऱ्हाईक नसायचं. खिडकीतून ट्रेन जाताना दिसायची, कुकरमधून भाताची वाफ यायची, आणि ते डोळे मिटून बोलायचे. उसाच्या मळ्यात शेजारी शेजारी झोपड्या. एकीत हिंदुस्थानी, एकीत आफ्रिकन. संध्याकाळी एकच चिलीम फिरायची. मग बी निघालं डोंगराकडे. रास्ता लोक पुढे आले, त्यांनी ते झाड प्रार्थनेत आणलं. प्रत्येक डोंगराच्या मातीने त्याच बियाला वेगळा वास दिला.

आपण हापूस-पायरीबद्दल बोलतो ना, तसे ते गांज्याच्या वाणांबद्दल बोलायचे. "लॅम्ब्ज ब्रेड" म्हणजे कोकराची भाकरी. "गोट्स हॉर्न" म्हणजे बोकडाचं शिंग. नावं ऐकूनच मला तो डोंगर दिसायचा. धुकं, शेळ्या, ओली माती. मी कांदा चिरत चिरत जमैकाला जाऊन यायचे.

"आता तिकडेही बाहेरचं हायब्रिड आलंय," ते म्हणायचे. "जुनं बी शोधावं लागतं."

स्वतःपाशी त्यांनी एकच बी ठेवलं होतं. नूडल्सवर भुरभुरवायचा सात जिनसांचा मसाला इथे मिळतो, त्यात हेम्पचं, म्हणजे त्याच झाडाच्या बिननशेच्या जातीचं, बी असतं. भाजलेलं, कायदेशीर. त्यातलं एक वेचून त्यांनी एप्रनच्या दुसऱ्या टोकाला बांधलं होतं.

"हे तर उगवणार नाही," मी म्हटलं.

"ठाऊक आहे. पण गाठ रिकामी ठेवू नये."

गेल्या ओबोनला ते दुकानाच्या दारात उकिडवे बसून, मातीच्या ताटलीत पांढऱ्या काड्या पेटवत होते. ओगारा. सुपरमार्केटमध्ये उदबत्तीशेजारी मिळतात. इथे घरोघरी जाळतात.

"सिस्टर, कशाच्या आहेत माहितीये? हेम्पच्या. तेच झाड. नशा नाही, पण झाड तेच."

मीही शेजारी उकिडवी बसले.

"कुणासाठी पेटवताय?"

"पणजीसाठी. तिला जपानी येत नाही. कावासाकी कुठे ते माहीत नाही. पण या वासावरून येईल ती."

"आली कधी?"

त्यांनी आणखी एक काडी आगीत ठेवली.

"हाक मारावी लागते. आणि मला तिचं नाव माहीत नाही. मळ्यावर ठेवलेलं 'मेरी' तेवढं माहीत आहे. त्या नावाला ती कशाला ओ देईल?"

मी उरलेल्या काड्या पुढे सरकवल्या.

आज संध्याकाळी मिचिको-सानने बोलावलं. एरोल-सानचा एप्रन खुंटीवरच होता, गाठीसकट. तिने मसाल्याच्या डबीतून एक बी वेचलं आणि स्वतःच्या एप्रनचं टोक माझ्यापुढे धरलं. मी गाठ मारून दाखवली. दुमडायचं, पीळ द्यायचा, आत ढकलायचं. दुसऱ्यांदा तिला जमली.

मग म्हणाली, "माधवी-सान, एरोलला मी हाक मारीन. त्याच्या पणजीला तू हाक मार. तुझ्या भाषेत."

पणजीची आणि माझी भाषा एक नसणार. ती जहाजं बहुतेक कलकत्त्याहून सुटायची.

पण काड्या पेटल्या, धूर गल्लीत वळला, आणि मला एकदम कळलं. नाव कशाला हवं?

मी म्हटलं, "आजी! इकडे या. हे बघा, इकडे."

मोठ्याने म्हटलं. समोरच्या कोंबिनीतला, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या दुकानातला, पोरगा बाहेर येऊन बघायला लागला. मिचिको-सान रडत होती, मीही रडत होते.

एरोल-सान, दार उघडं आहे. सावकाश या.

आणि आजींना हाताला धरून आणा, दुकानाची पायरी उंच आहे.