आधी शेवटच्या रानाला

चेअरमन आक्का माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी पायांकडे. कालव्याला पाणी सुटलेलं असताना कुणी येऊन "पानी पोचलं" म्हणालं, की त्यांची नजर सरळ खाली. पायाला चिखल दिसला तर मान हलवायच्या. पाय कोरडे असले तर "जा, बघून ये" एवढंच. मग समोर कुणाचा मेहुणा असो नाहीतर पंचायत समितीचा सदस्य. मी त्यांच्या पाणी वापर संस्थेचा सेक्रेटरी. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली, त्यामुळे तिकीट बघितल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही ही सवय मलाही होतीच. पण आक्कांपुढे मी म्हणजे अगदीच भोळा माणूस.

आमचं गाव विट्याच्या पूर्वेला, माळरानाचं. उपशाचं पाणी कालव्यानं आलं तेव्हा गावानं गुलाल उधळला. पण ते कुणाला आणि कधी द्यायचं, हे ठरवणारं ऑफिस लांब, आणि ऑफिसचा माणूस जेवायला थांबायचा वरच्या अंगाच्या बागायतदारांकडे. वर ऊस डुंबायचा आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे आम्ही ज्याला टेल म्हणतो तिथं, ढेकूळही भिजायचं नाही. त्या टेलला आक्कांची वस्ती. बौद्ध घरं, खडकाळ रानं. आक्कांचे मालक मिलिटरीतून पेन्शनवर आले आणि लवकरच गेले. त्यानंतर रान त्यांनी एकटीनं ओढलं.

पुढं कायद्यानं सोय झाली, की शेतकऱ्यांनी संस्था केली तर ऑफिस पाणी मोजून गावाच्या हद्दीवर देईल आणि आतली वाटणी गावानं करायची. गावातल्या शहाण्यांना ही ब्याद वाटली. आक्का मात्र घरोघर फिरल्या. "आपलं पानी आपुन वाटू. भांडू, पर आपल्यात भांडू," म्हणायच्या. चेअरमन कोण यावर वरच्या दोन भावक्यांचं जमेना, म्हणून आक्कांचं नाव पुढं आलं. बाई आहे, टेलची आहे, म्हणू तिथं सही करील, असा सगळ्यांचा होरा होता. तो पहिल्याच सभेत मातीत गेला.

त्या सभेत आक्कांनी दोन गोष्टी मान्य करून घेतल्या. पहिली, पाणी आधी टेलला जाईल आणि मग पाळी खालून वर सरकत येईल. दुसरी मात्र आमच्याच गावात असावी. पाणी सुटलं की वरच्या माणसानं टेलला राखण करायची आणि टेलच्या माणसानं वर. म्हणजे ज्याला स्वतःच्या उसाची घाई, त्यानंच आक्कांच्या बांधावर पाण्याची वाट बघत बसायचं, आणि त्यानंच वर येऊन सांगायचं की पोचलं. तोवर कालव्याची वरची दारं बंद. मी म्हटलं, "आक्का, हे म्हंजे मांजराला दुधापाशी बसवणं झालं." त्या म्हणाल्या, "बसू द्या की सेक्रेटरी. वाट बघनं कसं असतंय ते त्यास्नी कवा कळनार?"

आणि खरोखरच कळलं. आमचे बागायतदार टेलच्या लिंबाखाली उन्हात बसून कालव्याच्या कोरड्या तळाकडे डोळे लावायला लागले. पाणी सरपटत आलं की स्वतःच्या रानात आल्यासारखे उठून पुढं धावायचे, वाटेतला कचरा काढायचे. घरी आल्यावर बायकांना शिव्या ऐकवायचे त्या आक्कांच्या नावाच्या, हा भाग वेगळा.

सभा कालव्याच्या मोठ्या दारापाशी भरायची आणि चहा आक्कांच्या घरचा असायचा. पहिल्या वर्षी चहाच्या वेळेला वरच्या अंगाच्या काही मंडळींचे नेमके उपास निघायचे. चहा उपासाला चालतो हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. मला चीड यायची. आक्का मात्र किटली प्रत्येक सभेला तेवढीच भरून आणायच्या. हळूहळू उपास सुटत गेले. आता सांगितलं तर नव्या पोरांना खोटं वाटतं.

एका उन्हाळ्यात पाणी कमी होतं. टेलला राखणीची पाळी होती दाजीची. दाजी म्हणजे वरच्या अंगाचा तालेवार गडी, बोलायला गोड, अंगानं आळशी. त्या दिवशी त्याच्या भाच्याचं लग्न होतं कराडला. यानं कार्यालयात पंगतीला बसूनच कालव्याच्या दारावरच्या पोराला फोन लावला, "पोचलं रं पानी, सोडा दारं." आक्का तेव्हा बँकेच्या कामाला तालुक्याला गेलेल्या. पोरानं दारं उघडली. पाणी टेलच्या अलीकडं दोन शेतांवर येऊन थांबलं आणि तिथंच जिरलं. पुढच्या पाळीपर्यंत आक्कांचा आणि शेजारच्या घरांचा भुईमूग उभ्या उभ्या करपला.

संस्थेच्या ठरावाप्रमाणे खोटं सांगणाऱ्याची पुढची पाळी बंद. दाजीची बायको आक्कांच्या दारात येऊन बसली. रडली, गोठ्यातल्या जनावरांचं नाव काढलं. मी स्वतः म्हणालो, "आक्का, दंड करू आणि सोडून देऊ. माणूस चुकतो." आक्का म्हणाल्या, "माझा भुईमूग गेला म्हनून मी करत न्हाई. पर आज सोडलं तर उद्या कुनीबी फोन करंल." त्यांनी दाजीच्या बायकोला जेवू घातलं, जनावरांना आपल्या गंजीतला कडबा दिला, आणि पाळी बंद ती बंदच ठेवली. दाजीचा हिरवा मका वाळला. वर्षभर तो आक्कांशी बोलला नाही. पण त्यानंतर टेलला त्याची राखण लागली की तो गुडघ्यापर्यंत चिखलानं भरून यायचा आणि मुद्दाम आक्कांसमोर उभा राहायचा. आक्का पायांकडे बघून म्हणायच्या, "व्हय, दिसलं," आणि गालात हसायच्या.

आता अलीकडची गोष्ट. कालव्याऐवजी बंद पाइपातून पाणी देण्याची योजना आली. पाणी जिरणार नाही, झाडाझुडपांत अडणार नाही, कुणी राखण करायची गरज नाही. आक्कांनाही पाइप हवाच होता. गुडघे गेले होते, श्वास लागायचा. साहेब नकाशा घेऊन सभेत आले, फार चांगलं समजावून सांगितलं. सगळं ऐकून आक्कांनी विचारलं, "साहेब, पानी सोडायची चावी कुनाकडं ऱ्हानार?"

"ऑफिसकडे. तुम्हाला कशाला त्रास?"

"पाइप तुमचा घाला. चावी गावाकडं ऱ्हाऊ द्या."

साहेब समंजस होते. म्हणाले, संस्थेनं तसा ठराव केला तर चावी संस्थेकडे ठेवता येईल. म्हणजे सगळं आमच्याच हातात होतं. आणि तिथंच आम्ही नापास झालो. लोक कंटाळले होते. राखण, सभा, भांडणं, पायाचा चिखल, सगळ्यालाच. पोरं पुण्याला, घरात म्हातारी माणसं. टेलच्या वस्तीतलेही काही जण म्हणाले, "आक्का, आता बास झालं गं. बटन दाबलं की पानी येतंय तर येऊ दे की."

हात वर करायला सांगितलं. चावी गावाकडे ठेवायच्या बाजूनं आक्का, मी आणि टेलची थोडी घरं. वरच्या अंगाचा एकच हात वर झाला, तो दाजीचा. तो कुणाकडे न बघता हात वर धरून बसला होता, आणि मोजून झाल्यावरही त्यानं तो लगेच खाली घेतला नाही.

आम्ही हरलो. चावी ऑफिसकडे देण्याच्या ठरावावर आक्कांनी चेअरमन म्हणून स्वच्छ सही केली. मला राग आवरत नव्हता, मी लोकांना वाटेल ते बोललो. परत येताना आक्कांनीच मला गप्प केलं. "सेक्रेटरी, लोकांनी बसून ठरवलंय. चुकीचं ठरवलंय, पर बसून ठरवलंय. शिव्या द्यायच्या न्हाईत." त्या थंडीत त्या गेल्या. सावडायला सगळा गाव होता, आणि मला असं वाटलं की आपल्या घरातलं मोठं माणूस गेलं. आजही तसंच वाटतं.

यंदा पाइपाचा पहिला उन्हाळा. पाइप चांगला आहे, खोटं कशाला बोलू. वर पाणी येतं, जोरात येतं. परवा आक्कांची सून माझ्या अंगणात आली. तिच्या रानात गवार होती, पाण्यावाचून माना टाकलेली.

"मामा, आपल्या टेलला पानी कवा येनार?"

इतकी वर्षं या प्रश्नाचं उत्तर मला झोपेतून उठवलं असतं तरी देता आलं असतं. आज कुणाची पाळी, कुठवर आलं, कोण राखणीला बसलंय. मी उगाच चष्मा पुसला, तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. ती तांब्या खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"मला म्हाईत न्हाई गं," मी म्हणालो.